सूतभर कमी

काचेच्या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की काच नेहमी चौकटीपेक्षा सूतभर कमी कापायची. बरोब्बर मापाची काच चौकटीत बसत नाही. दाबून बसवली तरी हवेने लाकूड फुगलं की कोपऱ्यातून तडकते. ताईच्या वडिलांनी हे दोन्ही पोरांना लहानपणीच शिकवलं होतं, आणि ताईने ते काचेपुरतं ठेवलं नाही. ताप किती म्हणून कुणी विचारलं तर ती अंशभर कमी सांगायची. घरात भांड्याला भांडं लागून आवाज रस्त्यापर्यंत गेला असला, तरी शेजारणीला उत्तर मिळायचं, "काही नाही गं, जरा बोलत होतो." गिऱ्हाइकं, नातेवाईक, शेजारीपाजारी, सगळ्यांना त्या घराची बातमी सूतभर कमीच मिळत आली होती. म्हणूनच घराची चौकट शाबूत राहिली, असं ताईचं प्रामाणिक मत होतं.

दुकान फोटोंना चौकटी घालायचं आणि आरसे बसवायचं. पुढे दुकान, मागे कापायची खोली, वर राहायच्या दोन खोल्या. गिऱ्हाइकांशी बोलणं, चौकटी जोडणं, पाठीमागे पुठ्ठा ठोकणं हे ताईकडे. काच कापणं धाकट्या भावाकडे. त्याला सगळे छोटू म्हणत. कानावरचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, लग्न होऊन घरात भावजय आली, तरी छोटू तो छोटूच. ताईने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "दुकानाशी लागलंय ना, आणखी किती संसार करू?"

छोटूचा हात मात्र नाव घेण्यासारखा होता. लंबगोल काच तो पट्टी न लावता कापायचा. काच कापायची हिरकणी रॉकेलमध्ये बुडवायची, श्वास धरायचा, आणि एका दमात रेघ मारून काच टेबलाच्या कडेवर ठेवून झटका द्यायचा. वडिलांचा दुसरा धडा त्याच्या अंगात मुरलेला होता. रेघ एकदाच मारायची. रेघेवर पुन्हा रेघ मारली की काच आपल्या मर्जीने नाही, तिच्या मर्जीने फुटते.

त्याचं पिणं आधी संध्याकाळचं होतं. मग जेवणाच्या सुट्टीतलं झालं. मग सकाळी हात थरथरायला लागला. पहिल्यांदा चहाने थांबायचा, पुढे चहाला जुमानेना. तेव्हा कापायच्या खोलीत, रॉकेलच्या डब्यांच्या रांगेत, एक बाटली येऊन बसली आणि हात पुन्हा जागेवर आला. "हिरकणीला रॉकेल लागतं, मला हे लागतं," तो म्हणायचा, आणि त्यावर ताई हसायचीसुद्धा. काम वेळेवर निघत होतं. झाकली मूठ होती, ती झाकलेलीच बरी.

मूठ उघडली ती एका लग्नाच्या फोटोवर. छोटू काच घेऊन पुढे आला, फोटोवर ठेवली आणि बोटाने धूळ पुसायला लागला. धूळ नव्हतीच. तळहात आडवा कापला होता, आणि नवरानवरीच्या चेहऱ्यांवरून तो स्वतःचंच रक्त पुसत होता. पुसलं की पुन्हा येत होतं. "जात कसं नाही गं हे?" त्याने ताईला विचारलं. दुखलेलं त्याला कळलंच नव्हतं.

त्या दिवशी जखम बांधून झाल्यावर भावजय म्हणाली, "ताई, आता पुरे. कुठेतरी नेऊया यांना."

भावजय फार बोलणारी नव्हती. ती पुरे म्हणाली म्हणजे पुरे झालं होतं.

कुठेतरी म्हणजे कुठे, हा प्रश्न सोपा वाटतो. दात दुखला तर कुठे जायचं हे लहान मूलही सांगेल. दारूसाठी कुठे जायचं हे विचारायलाच ताईला दोन दिवस लागले. शेवटी औषधाच्या दुकानात गर्दी ओसरल्यावर, "एका ओळखीच्यांसाठी हवं होतं," म्हणत तिने विषय काढला. दुकानदाराने ओळखीचे कोण ते विचारलं नाही. भल्या माणसाने त्याला माहीत होते तेवढे नंबर दिले. शेवटचा देताना म्हणाला, "हा अडीअडचणीचा आहे. कधीही लावा, कुणी ना कुणी उचलतं."

दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून दोघी फोन घेऊन बसल्या. छोटू वर झोपला होता.

पहिला नंबर एका गाद्यांच्या दुकानात लागला. "रोज दोन फोन येतात तुमच्यासारखे," तिथला माणूस म्हणाला, "तो दवाखाना गेला इथून केव्हाच. गादी हवी असेल तर सांगा." दुसरीकडे सांगितलं की आमच्याकडे फक्त तपासून औषध देतात, ठेवून घेत नाहीत, आणि डॉक्टर रजेवर आहेत. तिसऱ्या ठिकाणी एका माणसाने फार आपुलकीने विचारपूस केली. "आणून सोडा नुसता. घरच्यांनी भेटायला यायचं नाही. सरळ करूनच परत देतो." त्याच्या मागून कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला, मग दार आपटल्याचा. भावजयीने ताईच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"वस्तू आहे का, सरळ करून द्यायला," ती म्हणाली.

चौथा फोन त्या सगळ्या भागासाठी असलेल्या एकमेव मोठ्या व्यसनमुक्ती केंद्रात लागला. उचलणारीचा आवाज दमलेला होता, पण सभ्य होता.

"पेशंट कोण तुमचे?"

"भाऊ. धाकटा."

"रोज घेतात?"

"हो. म्हणजे, संध्याकाळी."

"किती?"

ताईने मागच्या खोलीकडे पाहिलं. "थोडी."

"थोडी म्हणजे?"

"थोडी म्हणजे थोडीच हो. कामाचा माणूस आहे."

"सकाळी उठल्यावर लागते का? हात थरथरतात, घाम येतो, असं काही?"

"छे, छे."

भावजय चौकटीचा कोपरा घासत होती. तिचा हात थांबला.

"बरं. सोमवारी सकाळी घेऊन या. एक जागा रिकामी होतेय, नशीब तुमचं. पिऊन मात्र आणू नका हं. प्यायलेल्या माणसाला आम्ही आत घेत नाही."

ताईने फोन ठेवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मोठी ऑर्डर मिळाल्यासारखं समाधान होतं.

"ताई, तुम्ही खोटं सांगितलंत," भावजय म्हणाली.

"खोटं कुठे? कमी सांगितलं."

"त्यांनी सकाळचं मुद्दाम विचारलं. काहीतरी कारण असेल ना?"

"कारण हेच, की हाताबाहेर गेलेली माणसं त्यांना नको असतील. आत्ता ऐकलंस ना सगळ्यांचं? इतक्या दारांतलं एक दार किलकिलं झालंय. त्यातून आत शिरण्याइतका तरी त्याला बारीक करायला नको? एकदा आत गेला की बघतील ते आणि तो."

भावजयीने राहिलेला नंबर पुढे केला. "हा अडीअडचणीचा. यांना विचारायचं का, सोमवारपर्यंत काय करायचं ते?"

"तो जीव द्यायला निघालेल्यांसाठी असतो," ताई म्हणाली. "आपल्याकडे कोण निघालंय?"

भावजयीने नंबर आपल्या फोनमध्ये ठेवून दिला. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

छोटूला तयार करायला काय काय करावं लागेल याची ताईने मनात उजळणी केली होती: रागवायचं, रडायचं, वडिलांचं नाव काढायचं. काहीच लागलं नाही. शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर त्याने सगळं ऐकून घेतलं, बांधलेला हात उलटसुलट करून पाहिला, आणि उठून कापायच्या खोलीत गेला. डब्यांच्या रांगेतली बाटली घेऊन आला. उभ्याउभ्या एक घोट घेतला आणि बाटली ताईच्या हातात दिली.

"एकदाच रेघ, ताई?"

"एकदाच."

"मग मोड पटकन. रेघ थंड पडली की मोडत नाही नीट."

ताईने बाटली मोरीत ओतली. वासाने तिचे डोळे चुरचुरले. त्या चुरचुरण्यातच तिला जरा रडून घेता आलं.

शुक्रवारची संध्याकाळ बरी गेली. छोटूला घाम फुटत होता, पण तोंड चालू होतं. "केंद्रात आरसे नसतात म्हणे," तो म्हणाला, "आपलं तोंड बघून माणूस पुन्हा प्यायला लागतो म्हणून." भावजय हसली. तिला हसताना पाहून तो आणखी दोन-चार विनोद करत बसला.

शनिवारी विनोद संपले. पोटात काही ठरेना. हात तर हात, हनुवटीसुद्धा थरथरू लागली. कप धरता येईना म्हणून भावजयीने चमच्याने पाणी पाजलं. डोळ्याला डोळा लागत नव्हता. दुपारी त्याने ताईला जवळ बोलावलं आणि अगदी हळू, दुकानातल्या गिऱ्हाइकाने घासाघीस करावी तसा म्हणाला, "एक झाकण. बाटली नको. फक्त एक झाकण दे."

"रेघेवर रेघ मारायची नाही. तूच म्हणतोस."

"ते काचेचं गं."

ताई त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट दाबून बसली, ओल्या सरसाची चौकट सुकेपर्यंत दाबून धरतात तशी. हातांतली थरथर तिच्या कोपरापर्यंत चढत होती. तिला वाटत होतं, ही दारूच बाहेर निघतेय. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमान वाटत होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच स्वतःहून एवढं सोसत होता.

स्वयंपाकघरात भावजयीने तिला अडवलं. "ताई, हे बरोबर नाही दिसत. केंद्राला फोन करूया."

"करून काय सांगू? सकाळची लपवली म्हणून? सोमवारची जागा जाईल. उद्याचा एक दिवस, बस."

"मग डॉक्टर?"

"डॉक्टर येणार, गल्ली बघणार. आणि तो काय सांगेल? दारू सोडतोय म्हणून त्रास होतोय. ते आपल्याला माहीतच आहे."

भावजय गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली, की आपण तिथे गप्प का बसलो. पण ताई मोठी होती, त्या घरात शेवटचं माप ताईच सांगायची, आणि इतकी वर्षं तिचं माप चुकलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो शांत वाटला. ताईने केंद्रात न्यायचे कपडे इस्त्री करून ठेवले. जेवणं उरकली आणि भावजय पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या खोलीत निघाली. ताई आधीच उशाशी बसलेली होती.

"तडकतेय," छोटू म्हणाला.

"काय तडकतंय?"

"ऐकू येत नाही तुला? कोपऱ्यातून निघालीय बघ." त्याची नजर भिंतीच्या कोपऱ्यावरून हळूहळू खाली सरकत होती, काचेतली चीर पुढे जाताना पाहावी तशी. ती जमिनीपर्यंत आली आणि त्याने दोन्ही पाय वर ओढून घेतले. "ताई, पाय वर घे. सगळी खाली आलीय."

तेवढ्यात भावजय दारात आली. अनवाणी.

"थांब," तो म्हणाला. ओरडला नाही. काच कापताना जवळ आलेल्या माणसाला थांबवावं तसा आवाज. "थांबव तिला, ताई. पायात काही नाही तिच्या."

"अरे, जमीन स्वच्छ आहे. हे बघ," ताई म्हणाली आणि पाय खाली टेकवला.

छोटूने जो आवाज काढला तो ताईने कधी ऐकला नव्हता. त्याने तिचा पाय धरून वर ओढला आणि तळव्यातून काहीतरी उपसायला लागला. नखांनी. ताईच्या तळव्यातून खरोखरच रक्त आलं.

भावजयीने कुणाला विचारलं नाही. तांब्या दारातच ठेवला आणि अडीअडचणीचा तो नंबर लावला. पलीकडे एका बाईने उचलला. भावजयीने फोनचा आवाज मोठा केला, तशी ती बाई जणू खोलीतच येऊन उभी राहिली.

"शेवटची कधी घेतली त्यांनी?"

"शुक्रवारी दुपारी."

"त्याआधी रोज किती घ्यायचे?"

भावजयीने ताईकडे पाहिलं. ताईचे ओठ हलले. 'थोडी' हा शब्द सवयीने जिभेवर आलाच होता.

"सकाळी उठल्यापासून," भावजय म्हणाली. "बाटली संपायची. कधी दुसरी निघायची."

"फोन ठेवू नका. मी दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स मागवते. पत्ता सांगा." पत्ता लिहून घेऊन ती पुन्हा आली. "निघालेत ते. एकदम बंद केल्यावर असं होऊ शकतं. हॉस्पिटललाच न्यावं लागेल. आता काय म्हणतायत?"

"जमिनीवर काच आहे म्हणतात. काच नाहीये."

"नाही असं म्हणत बसू नका, वाद नको. आहे असंही म्हणू नका. 'मी इथे आहे, तुला काही होऊ देणार नाही' एवढंच म्हणा. शांतपणे."

ताईने ऐकलं. पण असलं वाक्य त्या घरात आजवर कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. मग तिने छोटूच्या हातातून पाय सोडवला, त्याच्या नजरेसमोर भावजयीच्या चपला घातल्या, आणि कोपऱ्यातला कुंचा आणि सुपली उचलली.

दारापासून तिने सुरुवात केली. झाडून घेतलेली जमीन ती पुन्हा झाडत होती, दुकानात काच फुटल्यावर झाडतात तशी, आखूड फटकाऱ्यांनी, कडेकडेने. छोटू छातीशी गुडघे धरून बघत होता.

"तिकडे राहिली," तो म्हणाला. "कपाटाखाली."

ताई वाकली, कपाटाखालून कुंचा फिरवला.

"बारीक असते, ती दिसत नाही. उजेडात बघ."

तिने सुपली खिडकीपाशी नेली, उजेडात धरली. आत काही नव्हतं. "मिळाली," ती म्हणाली.

दारापासून पलंगापर्यंत वाट झाली, तेव्हा त्याने भावजयीला आत येऊ दिलं. तिच्या पावलांकडे बघत बघत. ती शेजारी बसली तशी त्याने डोकं तिच्या खांद्यावर टेकलं, आणि ताईला वाटलं, संपलं.

तेवढ्यात त्याचं अंग ताठ झालं.

भावजय चमचा आणायला धावली. फोनमधली बाई म्हणाली, "तोंडात काही घालू नका. दाबून धरू नका. एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या." ताईने इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांची घडी त्याच्या डोक्याखाली सारली. त्याचं डोकं त्या घडीवर आपटत राहिलं. बाहेर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला, शेजारची खिडकी उघडली, मग आणखी एक. ताईने आयुष्यात पहिल्यांदाच खिडक्यांकडे पाहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, "दारू कुणी बंद केली?"

"मी."

"एकदम?"

"एकदम."

"रोजचं प्रमाण सांगा. अंदाजे नको."

ताईने सांगितलं. ऑर्डर घेताना लांबी, रुंदी, जाडी सांगतात तसं, आवाज न चढवता. सकाळी दात घासायच्या आधी किती, दुकान उघडल्यावर किती, जेवणात किती, संध्याकाळी किती. आरशांच्या पुठ्ठ्यांमागे ठेवलेली कोणती, माळ्यावरची कोणती. हात थरथरायचा केव्हापासून. रात्री अंथरुणात घ्यायचा ती केव्हा केव्हा. भावजय तिच्याकडे बघत राहिली. त्यात तिलाही माहीत नसलेलं पुष्कळ होतं.

सोमवारी सकाळी ताईचा फोन वाजला. "जागा ठेवलीय तुमची," केंद्रातली ती दमलेली बाई म्हणाली, "निघालात का?"

ताईने काय झालं ते सांगितलं.

"सकाळी लागते का म्हणून मी विचारलं होतं," बाई म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात."

"म्हणाले."

"हो म्हणाला असतात तर मी आधी हॉस्पिटल सांगितलं असतं. तिथे औषधावर हळूहळू उतरवतात, मग आमच्याकडे. रोजचं आहे हे. जागा काही जाणार नव्हती."

त्या बाईने हे टोचून म्हटलं नव्हतं, आणि म्हणून ते फार खोल गेलं.

छोटू जगला. देवाची कृपा म्हणायला माणसं भेटून गेली. शुद्धीवर आला, बोलायला लागला, भावजयीला ओळखलं, ताईला ओळखलं. फक्त नवीन काही राहीना. डॉक्टर आत्ता येऊन गेला हे त्याला डॉक्टर दाराबाहेर गेल्यावर माहीत नसायचं. जेवलास का विचारलं तर काय जेवला ते रंगवून सांगायचा, आणि ते कधीच खरं नसायचं. डॉक्टरने समजावलं, की दारूने मेंदूची उपासमार आधीपासूनच चालू होती, शेवटी या धक्क्याची भर पडली. थोडं सुधारेल, सगळं नाही. "तुमच्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही," तो ताईला म्हणाला. ताईने त्यालाही सूतभर कमी सांगायची सवय असावी असं धरून चालायचं ठरवलं.

केंद्रातल्या माणसांनी त्याला येऊन पाहिलं. चांगली माणसं होती. पण तिथला उपचार म्हणजे बोलणं, काल काय ठरवलं ते आज आठवणं. ज्याला 'काल'च नाही त्याला ते काय देणार? त्यांनी दुसरे दोन पत्ते सांगितले. भावजय दोन्हीकडे जाऊन आली. एकीकडे फार म्हातारी माणसं होती, दुसरीकडे रांग होती. रांगेत तिने नाव लावून ठेवलं आहे.

तिने ताईला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडून तरी घेतलं असतं. एवढंच झालं, की आता घराबद्दल कुणी काही विचारलं तर भावजय पुढे होऊन उत्तर देते, आणि ताई देऊ देते.

दुकान चालू आहे. गंमत अशी, की छोटूच्या हाताला काच अजून आठवते. तो टेबलापाशी उभा राहतो, हिरकणी रॉकेलमध्ये बुडवतो, श्वास धरतो. हात लोखंडासारखा स्थिर. फक्त माप त्याच्याजवळ टिकत नाही. म्हणून तो रेघ मारेपर्यंत ताई त्याच्या कानाशी माप म्हणत राहते, तेच ते, पुन्हा पुन्हा, बाळाला झोपवताना म्हणावं तसं. ती पूर्ण माप सांगते. सूत तो स्वतःच कमी करतो.

बाहेरून बघणाऱ्यांना स्थिर हात दिसतो आणि दारूचा वास येत नाही, तेवढंच कळतं.

म्हणूनच परवा शाळेत शिकवणारी एक बाई आली असावी. मुलांचा फोटो चौकटीत घालायला दिला, पैसे दिले, तरी निघेना. भिंतीवरचे सगळे नमुने बघून झाल्यावर हळूच म्हणाली, "तुमच्या भावाची सुटली म्हणे."

"सुटली," ताई म्हणाली.

"कुठे नेलं होतंत? नंबर असेल तर... एका ओळखीच्यांसाठी हवा होता."

ताईने हातातली चौकट खाली ठेवली. तिने केंद्राचा नंबर सांगितला, मग तो दुसराही, अडीअडचणीचा. "आधी हा लावा. जीव द्यायला निघालेल्यांसाठीच असतो असं काही नाही. ते विचारतील, रोज किती घेतात. सकाळी लागते का."

"तशी फार नाही हो घेत ते," बाई घाईने म्हणाली. "संध्याकाळी आपली थोडी."

ताईने तिच्याकडे पाहिलं. तिची साडी चोपून नेसलेली होती, केस विंचरलेले होते, आणि डोळ्यांखाली किती रात्रींचं जागरण होतं ते ताईला मोजायची गरज नव्हती.

"आत या," ती म्हणाली. "बसा इथे. फोन मी लावून देते. पण माप मला आधी सांगा. पूर्ण."

बाई उंबऱ्यातच घुटमळली. मागच्या खोलीच्या दारात छोटू येऊन उभा होता. त्याने बाईकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, मग काळजीने ताईकडे.

"ताई, काच उचललीस ना सगळी?"

"उचलली रे."

"कपाटाखालची?"

"ती पण."

तो आत गेला. बाईने एकदा जमिनीकडे पाहिलं, आणि पाऊल अगदी जपून टाकत आत आली.